विखुरणाऱ्या ताऱ्यांचा इतिहासकार : व्हिक्टर आंबार्त्सुमियान

इतिहासाच्या अभ्यासकास समोर आलेल्या प्रत्येक वस्तूविषयी पहिला प्रश्न पडतो तो तिच्या काळाचा. शिलालेखावर शक कोरलेला नसेल तर अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवावा लागतो. नाण्यावर राजाचे नाव पुसले गेले असेल तर धातू, घडण आणि झीज यांची साक्ष काढावी लागते. आम्ही गेली अनेक वर्षे वर्गात हेच शिकवीत आलो. परंतु ज्या वस्तूवर ना शक, ना अक्षर, आणि जिला हातही लावता येत नाही, तिचा काळ कसा ठरवावा? आकाशातील ताऱ्यांविषयी हा प्रश्न विसाव्या शतकातील एका आर्मेनियन शास्त्रज्ञाने विचारला, आणि ताऱ्यांच्या परस्परांपासून दूर जाण्यातच त्यांच्या जन्माची नोंद आहे, असे उत्तर दिले. त्यांचे नाव व्हिक्टर आंबार्त्सुमियान. गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांची चरित्रे आपल्या मुलांच्या हाती सहज पडतात. आंबार्त्सुमियान यांचे पडत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या पानांवर त्यांची जीवनकथा मांडावी, असे आम्हांस वाटले.

१८ सप्टेंबर १९०८ रोजी तिफ्लिस येथे, म्हणजे आज जॉर्जिया देशाची राजधानी असलेल्या तिबिलिसी शहरात, एका आर्मेनियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या वेळी हा सारा प्रदेश रशियाच्या झारच्या साम्राज्यात होता. आर्मेनियन समाज संख्येने लहान, दोन साम्राज्यांत विभागलेला. व्हिक्टर सात वर्षांचे असताना, १९१५ साली, शेजारच्या ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचे भीषण शिरकाण झाले आणि जिवानिशी वाचलेले असंख्य निर्वासित कॉकेशसच्या बाजूस आले. अशा काळात ज्या समाजाचे भूमीवरचे अस्तित्वच धोक्यात होते, त्या समाजाने आपली भाषा आणि आपली अक्षरे जिवापाड जपली. व्हिक्टर यांचे वडील हामाझास्प हे कायद्याचे शिक्षण घेतलेले, भाषाशास्त्राचे अभ्यासक होते. होमरचे इलियड त्यांनी मूळ ग्रीकमधून आर्मेनियन भाषेत आणले. घरात पैशापेक्षा ग्रंथ अधिक होते, आणि मुलाची गणिताची ओढ वडिलांनी वेळीच ओळखली.

शाळकरी वयातच व्हिक्टर यांना आकाशाने वेड लावले. खगोलशास्त्रावर ते टिपणे लिहीत आणि मोठ्या माणसांसमोर व्याख्यानेही देत. १९२४ साली ते लेनिनग्राडला गेले आणि पुढील वर्षी तेथील विद्यापीठात दाखल झाले. १९२८ साली पदवी मिळाली तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचेही नव्हते.

पदवीच्या पुढच्याच वर्षी त्यांनी लिहिलेल्या एका शोधनिबंधाची हकिकत सांगण्याजोगी आहे. एखाद्या तारेची जाडी, ताण, बांधणी ठाऊक असेल तर ती कोणकोणत्या स्वरांत कंप पावेल हे गणिताने काढता येते. आंबार्त्सुमियान यांनी प्रश्न उलटा केला : स्वर तेवढे ठाऊक आहेत, तर त्यांवरून तार कशी आहे हे सांगता येईल काय? एका विशिष्ट बाबतीत ते सांगता येते, असे त्यांनी सिद्ध केले. खगोलशास्त्राच्या एका तरुणाने सोडविलेला गणिताचा हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या जर्मन नियतकालिकात छापला गेला, आणि सुमारे पंधरा वर्षे त्याकडे कोणी वळून पाहिले नाही. पुढे मात्र गणिताची एक संपूर्ण शाखा त्यावर उभी राहिली. परिणामावरून कारणाकडे, दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या गोष्टीकडे जाण्याची ही उलटी वाट त्यांनी पुढे आयुष्यभर सोडली नाही. १९३० साली भौतिकशास्त्रज्ञ दिमित्री इवानेंको यांच्यासह त्यांनी अणूच्या केंद्रकात इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे राहू शकत नाहीत असेही प्रतिपादन केले. केंद्रकातील न्यूट्रॉनचा शोध त्यानंतर दोन वर्षांनी लागला.

पदवीनंतर ते लेनिनग्राडजवळील पुल्कोव्हो वेधशाळेत अरिस्तार्ख बेलोपोल्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. १९३१ पासून विद्यापीठात अध्यापन सुरू झाले, आणि १९३४ साली त्यांनी तेथे खगोलभौतिकीचा विभाग स्थापन केला. सोव्हिएत संघातील या विषयाचा हा पहिला विभाग. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एक भारतीय तरुण पुल्कोव्हो पाहावयास आला. त्याचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. श्वेत बटू ताऱ्यांच्या वस्तुमानाला मर्यादा असते, हा त्याचा सिद्धांत इंग्लंडमधील बड्या मंडळींच्या गळी उतरत नव्हता. आंबार्त्सुमियान यांनी त्याला सुचविले, की ढोबळ अंदाजांवर न थांबता अनेक ताऱ्यांची अचूक गणिते मांडून दाखवावीत. चंद्रशेखर यांनी केंब्रिजला परतून ते काम पुरे केले. त्या मर्यादेस आज चंद्रशेखर यांचेच नाव आहे, आणि १९८३ चे नोबेल पारितोषिकही त्यांच्याकडे आले. योग्य वेळी मिळालेल्या योग्य सल्ल्याचे मोल शिक्षकांना अधिक सांगणे नलगे.

याच काळात आंबार्त्सुमियान यांनी एका मोठ्या नावाशी वाद घातला. इंग्लंडचे सर जेम्स जीन्स यांची त्या वेळी जगभर ख्याती होती. परस्परांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांच्या कक्षा पाहून जीन्स यांनी आपल्या आकाशगंगेचे वय काही लाख कोटी वर्षे ठरविले होते. जवळून जाणाऱ्या इतर ताऱ्यांच्या ओढीने या कक्षा एका समतोल अवस्थेस पोहोचल्या आहेत आणि तेवढे होण्यास एवढा प्रदीर्घ काळ लागणारच, असा त्यांचा युक्तिवाद. तिशीही न गाठलेल्या आंबार्त्सुमियान यांनी १९३७ च्या सुमारास दाखवून दिले, की जीन्स ज्या पुराव्यास समतोलाचा पुरावा समजतात, तो तसा नाहीच. उलट जोडताऱ्यांची संख्या पाहता समतोल अजून आलेला नाही. म्हणजे आकाशगंगेचे वय एक हजार कोटी वर्षांच्या आसपास असले पाहिजे. आजचा हिशेब सुमारे तेराशे कोटींचा आहे. जीन्स यांचा अंदाज शेकडो पटींनी चुकला होता. त्याच सुमारास ताऱ्यांच्या गुच्छांविषयीही आंबार्त्सुमियान यांनी एक निष्कर्ष काढला : गुच्छातील तारे एकमेकांच्या ओढीने वेग घेऊन एकेक करून निसटतात, आणि निसटलेला तारा परत येत नाही. गुच्छ फुटतात, सुटे तारे जमून गुच्छ बनत नाहीत. हे वाक्य वाचकांनी ध्यानी ठेवावे, कारण पुढच्या शोधाचा पाया तेथे आहे.

परंतु इतिहास सांगताना केवळ शोधांची यादी देऊन चालत नाही. १९३६ आणि १९३७ या वर्षांत स्टालिनच्या राजवटीने आपल्याच देशातील विचारवंतांवर घाला घातला, आणि त्यात पुल्कोव्हो वेधशाळा उद्ध्वस्त झाल्यासारखी झाली. तेथील अनेक खगोलशास्त्रज्ञ पकडले गेले. वेधशाळेचे संचालक बोरिस गेरासिमोविच यांना १९३७ साली गोळ्या घालण्यात आल्या. आंबार्त्सुमियान यांचे सहसंशोधक आणि समवयस्क मित्र निकोलाय कोझिरेव्ह यांनी जवळजवळ दहा वर्षे तुरुंगात आणि छावणीत काढली. मात्वेई ब्रोन्श्टाइन हा बुद्धिमान तरुण भौतिकशास्त्रज्ञ वयाच्या एकतिसाव्या वर्षी मारला गेला. आंबार्त्सुमियान वाचले. १९४० साली ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि पुढे त्या राजवटीचे अनेक सन्मान त्यांच्याकडे चालत आले. एकाच दालनात, एकाच फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसांपैकी एकास वधस्थान, दुसऱ्यास छावणी आणि तिसऱ्यास पुरस्कार मिळावा, ही त्या काळाची रीत होती. आम्ही हे येथे नोंदवितो, कारण गौरवाच्या लेखातून गेरासिमोविच आणि कोझिरेव्ह यांची नावे गळाली तर तो इतिहास राहत नाही, नुसती आरती होते.

१९४१ साली जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. पुल्कोव्होच्या टेकडीवरील वेधशाळा तोफांच्या माऱ्यात जमीनदोस्त झाली. विद्यापीठाची काही मंडळी शेकडो मैल पूर्वेस, तातारिस्तानातील येलाबुगा या लहानशा गावी हलविण्यात आली, आणि तेथील शाखेचे प्रमुखपद आंबार्त्सुमियान यांच्याकडे आले. दुर्बीण नाही, वेधशाळा नाही, चहूकडे युद्ध. अशा ठिकाणी बसून त्यांनी एक जुना अवघड प्रश्न सोडविला. धुक्यातून किंवा ढगातून प्रकाश जातो तेव्हा तो कणाकणावर आदळत असंख्य वेळा दिशा बदलतो. प्रत्येक वळणाचा हिशेब ठेवू गेल्यास गणित हाताबाहेर जाते. आंबार्त्सुमियान यांनी एक साधी गोष्ट हेरली. धुक्याचा थर अथांग असेल आणि त्याच्या माथ्यावर त्याच धुक्याचा आणखी एक पातळ पापुद्रा ठेवला, तर परत फिरणाऱ्या प्रकाशात काहीही फरक पडणार नाही. एवढ्या एका विचारावर त्यांनी सारे गणित उभे केले. त्यासाठी १९४६ साली त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या चंद्रशेखर यांनी हेच तत्त्व पुढे नेऊन १९५० साली प्रकाशाच्या प्रवासावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात विस्ताराने मांडले. पुल्कोव्होत भेटलेल्या त्या दोघांमधील देवाणघेवाण अशी दुहेरी होती.

१९४३ साली आर्मेनियाच्या विज्ञान अकादमीची स्थापना झाली आणि आंबार्त्सुमियान येरेव्हानला आले. लेनिनग्राडसारखे विद्येचे माहेरघर सोडून तीस लाखांहूनही कमी वस्तीच्या डोंगराळ प्रदेशात येणे, ही त्या वयात आणि त्या प्रतिष्ठेत सोपी गोष्ट नव्हती. १९४६ साली आरागात्स पर्वताच्या दक्षिण उतारावर, सुमारे चौदाशे मीटर उंचीवरील ब्युराकान या खेड्यात त्यांनी वेधशाळेची स्थापना केली. इमारती पुऱ्या होण्याआधीच लहान दुर्बिणींवर निरीक्षणे सुरू झाली. मोठ्या यंत्रांची वाट पाहत हात जोडून बसण्यापेक्षा, हाती असलेल्या यंत्राला कोणता प्रश्न विचारता येईल याचा विचार आधी करावा, ही त्यांची पद्धत होती.

आणि १९४७ साली, येरेव्हानमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पुस्तिकेत, त्यांनी आपला सर्वांत महत्त्वाचा विचार मांडला. तो समजून घेण्यासाठी थोडे आकाशाकडे वळले पाहिजे.

हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेस मृग नक्षत्र वर येते. त्याच्या पोटातील बाणाचे तीन तारे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असतात. हे तारे निळसर पांढरे आहेत. ताऱ्यांचे वर्णपट पाहून शास्त्रज्ञांनी त्यांचे जे वर्ग पाडले, त्यांत सर्वांत तप्त वर्गास ओ आणि त्याखालच्या वर्गास बी अशी अक्षरे दिलेली आहेत. बाणाचे तारे या दोन वर्गांतले. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश, तर ओ वर्गाच्या ताऱ्याचे तीस हजारांच्या वर. त्यांचे वस्तुमान सूर्याच्या दहा, वीस, कधी त्याहूनही अधिक पट. आणि तेज सूर्याच्या हजारो, काही वेळा लाखो पट. असा तारा म्हणजे मोठी मिळकत असूनही ती दोन्ही हातांनी उधळणारा गृहस्थ. सूर्याजवळचे इंधन सुमारे हजार कोटी वर्षे पुरेल, त्यांपैकी ४६० कोटी वर्षे सरली आहेत. वीस सूर्यांच्या वस्तुमानाचा तारा मात्र एक कोटी वर्षांच्या आतबाहेर आपले इंधन संपवितो.

हे तप्त तारे आकाशात सारखे पसरलेले नाहीत, ते टोळक्यांनी आढळतात, ही गोष्ट पूर्वीही लक्षात आली होती. मृगात असा एक समुदाय आहे. ययाती तारकासमूहातील प्रसिद्ध जोडगुच्छाच्या सभोवती दुसरा आहे. ज्येष्ठा ज्या वृश्चिकात चमकते तेथून दक्षिणेकडे पसरलेला तिसरा तर आपल्याला सर्वांत जवळचा, चार-पाचशे प्रकाशवर्षांवरचा. परंतु हे समुदाय कृत्तिकेसारखे घट्ट नाहीत. शेकडो प्रकाशवर्षांच्या विस्तारात काही डझन तेजस्वी तारे पसरलेले, आणि त्यांच्यामधून इतर असंख्य सामान्य तारे आपापल्या वाटेने जाणारे. आंबार्त्सुमियान यांनी यांस गुच्छ न म्हणता असोसिएशन, म्हणजे तारकासंघ, असे वेगळे नाव दिले, आणि मग आपला प्रश्न विचारला.

एवढ्या विरळ संघास एकत्र धरून ठेवणारे बळ कोणते? संघातील ताऱ्यांचे परस्परांचे गुरुत्वाकर्षण त्यास पुरे पडत नाही. उलट आकाशगंगेच्या केंद्राची ओढ संघाच्या जवळच्या बाजूवर अधिक आणि दूरच्या बाजूवर कमी, म्हणून ती त्यास ताणते. शिवाय आकाशगंगा स्वतःभोवती फिरते ती एखाद्या अखंड चाकासारखी नव्हे. आतले तारे फेरी लवकर पुरी करतात, बाहेरचे मागे राहतात. या दोन कारणांनी असा संघ काही कोटी वर्षांत ओढला जाऊन ओळखू येईनासा झाला पाहिजे. तो अजून ओळखू येतो, याचा अर्थ त्याला तेवढा काळ मिळालेलाच नाही. वाटेने जाणारे अनोळखी तारे योगायोगाने एकत्र येऊन असा संघ बनणेही शक्य नाही, हे गुच्छांच्या हिशेबावरून आधीच ठरले होते. तेव्हा हे तारे एकाच प्रदेशात, एकाच सुमारास जन्मले आणि आता एकमेकांपासून दूर जात आहेत, एवढा एकच निष्कर्ष उरतो.

सभा सुटल्यावर मैदानाच्या दाराशी माणसांचा घोळका दिसला, तर सभा आत्ताच सुटली हे सांगावयास घड्याळ लागत नाही. तासाभराने तीच माणसे गावभर पांगलेली असतात आणि कोण सभेस होता, कोण नव्हता, हे ओळखता येत नाही. आंबार्त्सुमियान यांचा युक्तिवाद मुळात एवढाच. तारा आतून कसा जळतो याच्या ज्ञानावर तो अवलंबून नव्हता. इंधनाचा हिशेबही तेच वय सांगत होता, पण हा साक्षीदार वेगळा होता, आणि दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या म्हणजे पुरावा पक्का होतो, हे आम्हां इतिहासकारांस ठाऊकच आहे.

या निष्कर्षाचे मोल मोठे होते. तारे सारे पुरातन आहेत, आकाशगंगेच्या आरंभी एकदाच ती निर्मिती झाली, आणि आता उरला आहे तो केवळ वृद्धापकाळ, अशी समजूत तोवर प्रबळ होती. तारकासंघांचे वय निघाले फक्त काही दशलक्ष वर्षे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्यात अजिंठ्याची लेणी खोदलेली आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून घडला. मृगाच्या बाणातील तारे त्या पाषाणाहून कितीतरी लहान. जो खडक आपण पायाखाली तुडवितो तो थोरला, आणि जे तारे आपण सनातन समजतो ते धाकटे! आकाशगंगा थकलेली नाही. तिच्यात तारे आजही जन्मत आहेत, आणि एकेकटे नव्हे तर समूहाने जन्मत आहेत, हे या एका पुस्तिकेने जगापुढे ठेवले. वृषभ आणि सारथी या भागांत आढळणाऱ्या, तेज अनियमितपणे बदलणाऱ्या मंद ताऱ्यांचेही असेच संघ असतात, आणि ते सूर्यासारख्या सामान्य ताऱ्यांचे बालपण आहे, असेही त्यांनी प्रतिपादन केले.

विधान झाले, मोजमाप अजून बाकी होते. ते १९५२ साली नेदरलँड्सच्या आद्रियान ब्लाऊ यांनी केले. ययातीतील एका संघातील ताऱ्यांच्या गती त्यांनी बारकाईने तपासल्या, आणि तारे खरोखरच बाहेरच्या बाजूस पांगत असल्याचे दिसून आले. त्या गती उलट्या फिरविल्या असता सारे तारे सुमारे तेरा लाख वर्षांपूर्वी एका लहानशा प्रदेशात होते असा हिशेब निघाला. सोव्हिएत संघात या सिद्धांताचे स्वागत पक्षाच्या तत्त्वज्ञानाचा विजय म्हणून झाले, १९५० साली त्यास दुसरे स्टालिन पारितोषिकही मिळाले, आणि आंबार्त्सुमियान स्वतः त्या तत्त्वज्ञानाच्या भाषेत लिहीत असत. परंतु सिद्धांत टिकला तो पारितोषिकामुळे नव्हे. लोखंडी पडद्याच्या पलीकडे बसलेल्या, त्या तत्त्वज्ञानाशी काही देणेघेणे नसलेल्या माणसाच्या मोजपट्टीवर तो उतरला, म्हणून टिकला.

हे तारे जन्मतात कशापासून, या पुढच्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर मात्र टिकले नाही. वायू आणि धूळ यांच्या ढगांचे आकुंचन होऊन तारे बनतात, हा विचार त्यांना मान्य नव्हता. अतिशय घन अशा अज्ञात पदार्थाचे पिंड फुटून तारे आणि त्यांभोवतीचे वायू दोन्ही एकदम बाहेर पडतात, असे ते मानीत, आणि संघांचे पांगणे हा त्यास पुरावा समजत. पुढे रेडिओ आणि अवरक्त किरणांच्या दुर्बिणींनी थंड वायूचे प्रचंड ढग आणि त्यांच्या पोटात घडत असलेले तारे प्रत्यक्ष दाखविले. पांगण्याचे कारणही वेगळे निघाले : नव्याने जन्मलेले महातारे आपल्या प्रखर प्रकाशाने आणि वाऱ्याने उरलेला वायू दूर लोटतात, आणि तो वायू गेला की समूहाला बांधून ठेवणारी ओढही सैल पडते. गाया या युरोपीय अंतराळयानाच्या अलीकडील मोजमापांनी तर असेही दाखविले आहे, की संघ म्हणजे एकाच बिंदूतून पांगलेला एकच समुदाय नसून, बहुधा निरनिराळ्या वयांच्या अनेक उपसमूहांची ती वस्ती असते. आंबार्त्सुमियान आपल्या घन पिंडांच्या मतास अखेरपर्यंत चिकटून राहिले. थोर माणसाचे प्रत्येक मत थोर नसते. त्यांचा निष्कर्ष आणि त्यांचे स्पष्टीकरण यांत फरक करावयास आपण शिकलो, तर त्यांच्याच पद्धतीचा तो मान ठरेल. कारण जीन्स यांच्याशी वाद घालताना त्यांनीही हेच केले होते.

याच विचारातून त्यांचे दुसरे मोठे कार्य घडले. दीर्घिकांची केंद्रे म्हणजे ताऱ्यांची निवांत गर्दी नव्हे, तेथे प्रचंड उलथापालथ आणि उत्सर्जन चालते, असे त्यांनी १९५०च्या दशकात मांडले. आकाशातील प्रबळ रेडिओ उगम म्हणजे दोन दीर्घिकांची टक्कर, हे तत्कालीन स्पष्टीकरण त्यांनी नाकारले. १९५८ साली ब्रुसेल्स येथील सॉल्वे परिषदेत हा विचार त्यांनी ठेवला तेव्हा अनेकांनी अविश्वास दाखविला. १९६३ मध्ये क्वेसारांचे स्वरूप उघड झाल्यावर दीर्घिकाकेंद्रांची सक्रियता सर्वमान्य झाली. मात्र तिचे मूळ आज कृष्णविवरांत शोधले जाते. आपल्या कोल्हापूरचे सुपुत्र आणि पुण्याच्या आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह विश्वाचा जो पर्यायी सिद्धांत मांडला, त्यात दीर्घिकांच्या केंद्रांतून पदार्थ बाहेर पडतो हा आंबार्त्सुमियान यांचा विचार आदराने स्मरलेला आहे.

ब्युराकानचे खेडे हळूहळू जगाच्या नकाशावर आले. १९६० साली तेथे एक मीटरची श्मिट दुर्बीण बसली. तिच्यावर बेंजामिन मार्कारियान यांनी दीर्घिकांचे जे सर्वेक्षण केले, त्यातील सुमारे पंधराशे दीर्घिका आज जगभर मार्कारियान यांच्या नावाने ओळखल्या जातात. १९७१ साली परग्रहांवरील संस्कृतींशी संपर्क साधण्याविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद याच खेड्यात भरली, आणि शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले. १९६१ ते १९६४ या काळात आंबार्त्सुमियान आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे, तर १९६८ ते १९७२ या काळात वैज्ञानिक संघटनांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते. आर्मेनियाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद त्यांनी १९४७ पासून १९९३ पर्यंत, सलग शेहेचाळीस वर्षे सांभाळले. एका लहान समाजाला आपल्या भूमीवर, आपल्या माणसांच्या हातांनी जागतिक दर्जाचे ज्ञान निर्माण करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. राजधानीतून विद्या उसनी आणावी लागते, ही समजूत मोडावयास असे एक खेडे पुरते.

आयुष्याच्या अखेरीस राजवटीचा हा सन्मानित पुरुष राजवटीसमोर उभा राहिला. नागोर्नो काराबाखच्या आर्मेनियन लोकांच्या प्रश्नावर, १९९० साली, वयाची ऐंशी वर्षे उलटलेली असताना, मॉस्कोतील एका हॉटेलात इतर सहकाऱ्यांसह त्यांनी उपोषण केले. दोनदा समाजवादी श्रमवीर म्हणून गौरविलेल्या वृद्ध शास्त्रज्ञाने अन्न नाकारावे, याची दखल साऱ्या देशास घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला. स्वतंत्र आर्मेनियाच्या पहिल्या वर्षांत वीज आणि इंधन यांची भीषण टंचाई होती. आंबार्त्सुमियान यांनी आपले ब्युराकान सोडले नाही. १९९४ साली त्यांना आर्मेनियाचा राष्ट्रीय वीर हा सन्मान मिळाला. १२ ऑगस्ट १९९६ रोजी ब्युराकान येथे त्यांचे निधन झाले. वेधशाळेच्या आवारातच, आईवडील आणि पत्नी वेरा यांच्या शेजारी, त्यांस चिरविश्रांती देण्यात आली. पुढे आर्मेनियाच्या शंभर द्रामच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले. राजा किंवा सेनापती यांच्या जागी खगोलशास्त्रज्ञास नोटेवर स्थान देणारे देश जगात फार नाहीत.

या स्मरणिकेचे वाचक बहुतेक माजी विद्यार्थी आणि पालक आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट. आपला सूर्यही अशाच एखाद्या समूहात जन्मला असावा, असे आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. ४६० कोटी वर्षांत त्याची भावंडे आकाशगंगेत इतकी दूर गेली, की डोळ्यांनी त्यांची ओळख पटत नाही. शास्त्रज्ञ त्यांना शोधतात ते त्यांच्या रासायनिक घडणीवरून आणि गतीवरून. एका वसतिगृहात वाढलेली मुलेही नागपूर, मुंबई, पुणे, परदेश अशी पांगतात. त्याविषयी हळहळण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. संघ पांगतो तो त्यातील तारे विझले म्हणून नव्हे. ते आपापल्या मार्गाने प्रकाशत असतात. आमची विनंती एवढीच, की येत्या पौष-माघात एखाद्या निरभ्र रात्री आपल्या मुलांना गच्चीवर अथवा शेताच्या बांधावर न्यावे, मृगाच्या बाणाचे तीन तारे दाखवावेत आणि विचारावे : हे तारे थोरले, की आपल्या पायाखालचा दगड? मूल बहुधा तारे म्हणेल. मग त्याला ब्युराकानच्या या माणसाची गोष्ट सांगावी, आणि हे त्यांना कसे कळले असेल, हा पुढचा प्रश्न त्याच्यावरच सोपवावा.